बर्फाच्या घरातली फट

मी आणि सुमनने मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे परातीतून पांढऱ्या विटा वेचणं. खऱ्या विटा नाहीत, खेळण्यातल्या. प्लॅस्टिकच्या, नखाएवढ्या, वर गोल टिंबं असलेल्या, एकमेकींवर दाबल्या की टक करून बसणाऱ्या. कणकेची मोठी परात जमिनीवर, तिच्यात लाल-पिवळ्या-निळ्या विटांचा ढीग, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून तांदळातले खडे काढावेत तशा पांढऱ्या तेवढ्या वेगळ्या काढतोय.

ती म्हणाली, "अहो, ती पिवळट आहे, ती नको. बर्फ असा नसतो."

मी म्हटलं, "तू कुठे बघितलाय बर्फ?"

"तुमच्यापेक्षा जास्त बघितलाय."

मग चहा प्यायलो. मग म्हणाली, जरा पडते. ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत... असो.

ह्या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव सुमन वाचायची. दुपारी मोठ्याने वाचून मलाही ऐकवायची. मी म्हणायचो, ह्या लोकांना कामधंदा नाही. आता तिच्याच फोनवरून मीच लिहितोय. माझी शाळा चौथीपर्यंत. मी फोनपुढे बोलतो, तो अक्षरं उमटवतो, मग चुकलेलं मी बोटाने दुरुस्त करतो. भयंकर वैताग आहे. तरी लिहितो, कारण माझ्याकडे उत्तर नाही आणि डोक्यातून जात नाही.

मी गवंडी. उभा जन्म विटा लावल्या. भूतबित मी कधी मानलं नाही. नवीन बिल्डिंगच्या पायात लोक नारळ पुरतात, लिंबू कापतात, मी बाजूला उभा राहून बिडी ओढायचो. दारं-खिडक्या नसलेल्या अर्धवट इमारतींमध्ये वर्षानुवर्षं झोपलो. वॉचमन म्हणायचे इथे बाई दिसते, तिथे पोरगं रडतं. मला डास सोडून कोणी भेटलं नाही.

आमची जागा सातपूरला, कॉलनीत, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पश्चिमेला खिडकी. खिडकीखाली सुमनचं जुनं शिलाई मशीन. त्या मशीनच्या फळीवर तिचा बर्फाचा देश. त्याच भिंतीत वर, माळ्याजवळ, एक झरोका होता. कबुतरं घाण करायची, म्हणून मी तो विटा लावून बुजवला, गिलावा केला, रंग मारला. आता कुठे होता ते ओळखूही येत नाही. सुमन मात्र उन्हाळा लागला की तिथेच बघायची. "हवा खेळत नाही हो." मी म्हणायचो, पंखा आहे ना वर!

आमची एकच मुलगी, वैशाली. कॅनडात असते. तिची मुलगी मिहू, पहिलीत आहे. मागच्या वेळी आल्या तेव्हा ह्या विटांची पिशवीच्या पिशवी इथे ठेवून गेल्या, आणि तेव्हापासून आजी-नातीचा खेळ सुरू झाला. दर रविवारी सकाळी फोन. तिकडे शनिवारची संध्याकाळ असते. फोनसमोर सुमन नवा देखावा मांडणार आणि पुढची गोष्ट सांगणार, मिहू तिकडे तिच्या विटांनी तसंच बांधणार. एकदा गोठलेली नदी आणि तिच्यात अडकलेला चंद्र. चंद्र म्हणजे सुमनची फुटकी पिवळी बांगडी. एकदा झोपलेल्या देवमाशाच्या पाठीवर अख्खं गाव, त्याने कूस बदलली की सगळ्यांची घरं तिरकी! पांढऱ्या विटा कायम कमी पडायच्या, म्हणून वरून पांढरी रांगोळी भुरभुरायची. रांगोळीचे कण टिंबांत बसले की विटा नीट बसत नाहीत. मी बोललो की म्हणायची, "तुम्ही तुमचे स्लॅब टाका."

तिने बर्फ कुठे बघितला, ते सांगतो. माझी कामं सातपूरला सुरू व्हायच्या आधी आम्ही पिंपळगाव बसवंतला होतो. तिथे ती द्राक्षाच्या पॅकिंगला जायची आणि मग कोल्ड स्टोअरमध्ये पेट्या लावायला. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि ही बाई स्वेटर घालून, माकडटोपी चढवून कामाला निघालेली. गल्लीतल्या बाया हसायच्या. तिचा बर्फ म्हणजे ती खोली.

शेवटची गोष्ट अशी होती. बर्फाच्या देशात एक म्हातारी उन्हाळा पेट्यांमध्ये भरते आणि बर्फाच्या घरात रचून ठेवते, म्हणजे तो नासत नाही. पेट्या म्हणजे लाल-पिवळ्या विटा. लाल टोपीची एक मुलगी, म्हणजे मिहूच, पांढऱ्या अस्वलावर बसून त्या घरापाशी येते. अस्वल सुमनने विटांचंच केलेलं, दिसतं कुत्र्यासारखं. मुलगी थंडीने काकडलेली, तिला आत जायलाच हवं. पण अस्वल बर्फाचं. आत गेलं तर वितळणार. बाहेर राहिलं तर एकटं पडणार.

मिहूने विचारलं, "मग बेअरचं काय?"

सुमन म्हणाली, "ते पुढच्या रविवारी. अजून मागची भिंत व्हायचीय ना."

त्या भिंतीसाठीच आम्ही पांढऱ्या विटा वेचत होतो.

वैशाली आली, दिवस झाले, ती गेली. पुन्हा रविवारचे फोन सुरू झाले. मिहू माझ्याकडे बघायची नाही, माझ्या मागे मशीनकडे बघायची. प्रत्येक वेळी एकच प्रश्न. "आबा, बेअरचं काय झालं?"

मला काय माहीत काय झालं? सुमनने मला कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. गोष्टी हे तिचं खातं होतं. पण पोरगी तेवढ्यापुरतीच फोनवर येते, हे मलाही कळत होतं. माझ्याकडे तिला देण्यासारखं दुसरं काय आहे? मग मी ती भिंत बांधली.

एक सांगतो, विटा लावणं मला कोणी शिकवायला नको. पण ह्या विटा! सिमेंट नाही, ओळंबा नाही, बोटांत मावत नाहीत. माझी बोटं जाड, एक बसवायला जावं तर बाजूच्या तीन सुटतात. चष्मा लावून, काढून, पुसून वैतागलो. दोनदा सगळं परातीत फेकलं. शेवटी उभी केली. सांध्यावर सांधा नाही, सरळ, गच्च. प्रकाशसुद्धा आत जाणार नाही अशी.

रविवारी मिहूला दाखवली. ती बघत राहिली.

"ही आजीची भिंत नाहीये."

"आजीच्याच विटा आहेत."

"पण सगळं क्लोज केलंस तू. आता बेअर काय करणार?"

मी म्हटलं, "आत जाईल."

"मेल्ट होईल ना!"

"मग बाहेर राहील."

"एकटा?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अगं, प्लॅस्टिकचं अस्वल आहे ते!"

ती रडायला लागली. वैशालीने फोन दुसऱ्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं.

"आण्णा, काय हे? दर वेळी फोन झाला की दोन दिवस ही गप्प. शाळेतून विचारतात."

"मग मी काय करू?"

"काही नका करू. पुढच्या रविवारी एकदा बघू. नाहीच जमलं तर थोडे दिवस फोन बंद ठेवू. विसरेल ती."

विसरेल. काय विसरेल, अस्वल का आजी, ते मी विचारलं नाही. आणि फोन बंद ठेवायचा म्हणजे माझाच ठेवायचा, ते तर सरळच होतं.

आता तो आठवडा.

सोमवारी का मंगळवारी मी दूध घेऊन आलो तर मागच्या भिंतीतली एक वीट बाहेर. खालून दुसऱ्या थरातली, मधली. पडली असती तर आसपासच्या हलल्या असत्या. तसं काही नाही. तेवढीच एक, फळीच्या कडेला ठेवलेली. मला वाटलं, माझंच काम कच्चं. वरचे थर उचलून ती बसवली, अंगठ्याने दाबली. संध्याकाळी पुन्हा बाहेर. म्हटलं रांगोळीचा कण अडकला असेल. वीट धुतली, पुसली, बसवली, वरून थापीच्या मुठीने हलके ठोकली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आलो तर परत तिथेच. त्याच जागेची, त्याच कडेला!

मला राग आला. घाबरलो नाही, खोटं कशाला सांगू. एखादा हेल्पर तुमचं काम मुद्दाम उकलून ठेवतो तेव्हा येतो तसा राग. उंदीर म्हणावा तर रांगोळीवर एक पाऊल नाही. सगळीकडे रांगोळीचा पातळ थर, जसाच्या तसा सपाट. माणसाचं बोट त्या विटेपर्यंत जायचं तर रांगोळी मोडल्याशिवाय जाणारच नाही. मी स्वतः बसवायला गेलो की माझ्या मनगटाचा फराटा पडायचा. तो मी पुन्हा रांगोळी टाकून झाकायचो.

शेजारच्या सोनवणे वहिनी भाकरी घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्यावरच घसरलो. "तुम्ही हात लावला का ह्याला?"

"मला काय करायचंय तुमच्या खेळण्याला? लय काम पडलंय मला घरी."

"मग ही वीट कोण काढतं?"

"अहो तात्या, तुम्हीच काढत असाल. या वयात माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो." असं म्हणत त्यांनी ती वीट उचलली आणि लगेच खाली टाकली. "अगं बाई! फ्रीजमध्ये ठेवली होती का काय?"

मी हातात घेतली. गार. माठातल्या पाण्यासारखी नाही... बोटाला झोंबणारी गार. आणि ओली. बारीक थेंब. खोलीत पंखा गरम हवा फेकत होता, खिडकीची लोखंडी जाळी हात लावू देत नव्हती. बाकीच्या विटा कोमट होत्या. सगळ्यांना हात लावून बघितला.

वहिनी म्हणाल्या, "तात्या, हे उचला आणि द्या कोणाला तरी. मला नाय बरं वाटत." भाकरीचं ताट ठेवून गेल्या. दार ओढून घेतलं, एरवी कधी ओढत नाहीत.

शनिवारी मी ठरवलं, आता बस. उद्या फोन. निदान भिंत तरी धड हवी. बोटं चिकटवणारा तो बारक्या ट्यूबमधला गोंद आणला. विटेच्या चारही बाजूंना लावला, बसवली, दाबून धरली. माझं बोटही चिकटलं, सालपट निघालं. मग खुर्ची ओढून समोर बसलो. म्हटलं, आता ये. काढ. कोण आहेस ते बघतो.

दुपार होती. शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता, खाली कोणीतरी टेम्पो मागे घेत होता. मी बसलो. बघत राहिलो. काही होईना. कुकरची शिट्टी झाली, मी उठलो नाही. परत झाली, उठलो नाही. मग डाळीचं पाणी उतू जाऊन शेगडी विझली, वास यायला लागला, तेव्हा उठावंच लागलं. चार पावलांवर स्वयंपाकघर. गॅस बंद केला, मागे फिरलो.

वीट कडेला होती.

गोंद लावलेली वीट. मी ती चष्म्याजवळ धरून बघितली. गोंदाचा ओरखडा नाही, पापुद्रा नाही. तिला कधी गोंद लागलाच नव्हता अशी. भिंतीतही नाही. माझ्या बोटावरचं सालपट मात्र होतं. रांगोळीवर मघाचा माझा फराटा झाकलेला, त्यावर नवीन काही नाही. आणि विटेला घाम.

हो, घाम. तो शब्द मनात आला आणि मी खुर्चीवर बसलो.

पिंपळगावला मी कधी सुमनला आणायला कोल्ड स्टोअरच्या दारात उभा राहायचो. आतल्या पेट्या बाहेरच्या उन्हात आल्या की क्षणात त्यांच्यावर थेंब धरायचे. तिथले सगळे म्हणायचे, पेटीला घाम सुटला. मी एकदा आत डोकावून बघितलं होतं. पेट्यांच्या थप्प्या छतापर्यंत, पण दोन थप्प्यांमध्ये जागा सोडलेली, भिंतीपासूनही अंतर ठेवलेलं, प्रत्येक पेटीच्या भोकासमोर दुसरीचं भोक. मी गवंडी माणूस, मला ते बघवेना. म्हटलं, काय ढिली रचाई, अजून किती माल मावेल इथे.

सुमन माहेरची सटाण्याकडची. चिडली की तिकडची बोली तोंडात यायची. "तुमले काय समजस? थंडीले बी जागा लागस!" मग घरी येईस्तोवर मला समजावत होती. गच्च रचलं की मधला माल आतल्या आत तापतो आणि सडतो. फट ठेवली की थंडी इकडून तिकडे जाते, म्हणून सगळं टिकतं.

मी गोष्टीतल्या घरात वाकून बघितलं. खिडकीतलं पश्चिमेचं ऊन त्या एका विटेच्या भोकातून आत शिरत होतं, थेट उन्हाळ्याच्या पेट्यांवर. लाल-पिवळ्या विटा पेटल्यासारख्या दिसत होत्या. भिंत बांधताना मीच आत ठेवलेली लाल टोपीची मुलगी त्यांच्याशेजारी बसलेली. आणि ते भोक कुठे होतं? खालून दुसऱ्या थरात. अस्वल बसलं तर बरोबर त्याच्या तोंडाच्या उंचीला.

अस्वल पुढच्या दारापाशीच होतं, जिथे सुमनने सोडलं होतं. ते हललेलं नव्हतं. ते मी उचललं नाही, रांगोळीतून ढकलत घराला वळसा घालून मागे नेलं. त्याच्या मागे वाट उमटत गेली. ती मी झाकली नाही.

आता तुम्ही विचाराल, मग हे काय होतं? मला ठाऊक नाही. ह्या ग्रुपवर लोक लगेच म्हणतात, आत्मा होता, इच्छा राहिली होती. मला तसं म्हणता येत नाही. आत्मा असता तर ती एक शब्द बोलली असती की नाही? संसार केला माझ्याबरोबर, बोलायला काय झालं होतं? सरळ सांगायचं, अहो, फट ठेवा. आठवडाभर मला विटेवरून नाचवलं. आणि दुसरं काही म्हणावं तर त्या गार विटेचं काय करू? वहिनींनीही हात लावलेला. विचारा त्यांना. जावयांनी फोनवर सांगितलं, प्लॅस्टिक उन्हाने फुगतं, ताण पडून निसटतं. बरं. आणि घाम? त्यावर ते म्हणाले, आण्णा, तुम्ही झोपत जा नीट. संपला विषय.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी फोन लागला. मिहू वैशालीच्या मागे अर्धी लपलेली. मी फोन फिरवून घराच्या मागे धरला.

ती आईच्या मागून पुढे सरकली. मग, "आबा, बेअर इकडे कसा आला?"

"चालत आला. वाट दिसत नाही का?"

"आत नाही गेला?"

"नाही. आणि जाणारही नाही. त्याचं घर बाहेरच आहे."

"मग एकटा..."

"एकटा कसा? वीट काढलेली आहे ना. मुलगी आतून बोलते, हा बाहेरून ऐकतो. तिची ऊब थोडी ह्याच्या नाकाला, ह्याची थंडी थोडी तिच्या पेट्यांना. म्हणून उन्हाळा नासत नाही आणि हा वितळत नाही."

मिहू उठून गेली. मला वाटलं, संपलं. वैशालीचा चेहराही पडला. तेवढ्यात तिकडून विटांचा खडखडाट ऐकू आला, आणि मिहू तिचं घर उचलून फोनसमोर घेऊन आली. एक वीट काढलेली. भोकातून तिचा एक डोळा दिसत होता.

"आबा, मी दिसते?"

"दिसतेस."

"नेक्स्ट संडे बेअर काय बोलतो ते सांग."

म्हटलं, सांगतो. काय सांगणार होतो देव जाणे.

फोन ठेवला, स्टूल घेतलं, छन्नी-हातोडी काढली. भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकत गेलो. पोकळ आवाज आला तिथे गिलावा फोडला. शेजारून सोनवणे वहिनी ओरडल्या, "तात्या, रविवारी सकाळी काय ठोकाठोक लावलीय?" मी ठोकत राहिलो. माझंच जुनं काम, पक्कं, लवकर सुटेना. शिव्या घातल्या स्वतःच्या हाताला. शेवटी एक वीट निघाली. एकच काढली, बाकीच्या राहू दिल्या.

ती हातात घेऊन मी स्टुलावर उभा होतो. गालाला लावून बघितली. कोरडी, कालच्या उन्हाने अजून कोमट, साधी लाल वीट. गार नव्हती.

भोकातून वारा आला. मशीनवरची थोडी रांगोळी उडाली. मी ती वीट अस्वलाच्या शेजारी ठेवून दिली.